संडासाची चावी

माझी धाकटी जाऊ साळूबाई विहारात कायम पहिल्या रांगेत बसते. पांढऱ्या साडीची घडी मोडू देत नाही. वंदना म्हणताना तिचा आवाज सगळ्या बायांच्या वर जातो, आणि कुणाचं लेकरू मधेच रडलं तर मान वळवून त्या माउलीकडं असं बघते की तिनं लेकरू उचलून बाहेरच जावं. वस्तीत कुणी दाराला लिंबू-मिरची टांगली तर खबर सगळ्यात आधी हिला. मग ओट्यावर बसून लोकांना शिकवायचं, आपण त्यातून निघालो, आपल्यात भूत नाय न् खेत नाय. अशी ही बाई. आणि तिनंच माझ्या नातीच्या मनात भूत घातलं, तेही बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून. मी दुसरी पास. मला तिच्याइतकं पाठ येत नाही. पण माझ्या लेकराला कुणी काय केलं ते माझ्या ध्यानात राहतं, आणि परत केल्याबिगर मला भाकर गोड लागत नाही.

आमची दोन घरं, मधे एक अंगण, आणि अंगणाच्या टोकाला एक संडास. सरकारी यादीत दोघा भावांचं एकच कुटुंब निघालं म्हणून संडासही एकच मिळाला, माझ्या मालकाच्या नावावर. मालक तेव्हा होते. त्यांनी आणि दीर पुंजारामनं मुरमात सात फूट खड्डा खणला, माझ्या लेकानं, धम्मपालनं विटा वाहिल्या. निळा पत्र्याचा दरवाजा बसवला, मागून पांढरा वाऱ्याचा पाईप छपराच्या वर काढला. त्याला आता चार वर्षं झाली. पाचोडच्या बाजारात मी तेव्हा मुद्दाम चपलेला नवा अंगठा बसवून घेतला होता, की आता बांधावर चिखलात जाणं संपलं.

यंदा पाऊस लांबला आणि दिवाळीनंतर कापूस एकदमच फुटला. जिकडं बघावं तिकडं पांढरं. वेचायला बाई मिळेना. मी आणि सून सरिता दिवस उगवताना ओटी बांधून पऱ्हाटीत शिरायचो. धुईनं बोंडं ओली असायची. बोंडाची वाळकी टोकं नखाच्या कडेत घुसायची, दुपारच्याला भाकरीबरोबर ठेचा लागला की बोटं पेटायची. धम्मपाल गाठोडी मोटारसायकलवर बांधून घरी टाकायचा. मोठी खोली आढ्यापर्यंत भरली, तसे आम्ही सगळे पडवीत झोपायला आलो. कापसाच्या किड्यानं सगळ्यांच्या अंगावर पुरळ. सरिता लेकरांना खोबरेल चोळायची आणि स्वतःची मान दाराच्या चौकटीला घासायची.

लेकरं दोन. तनुजा साडेचार वर्षांची, सम्यक दोनचा. तनू दुपारपर्यंत अंगणवाडीत, नंतर दोघंही साळूबाईकडं. साळूबाईचे गुडघे गेलेले, तिला वेचणी होत नाही. खाली लोखंडी टोपी बसवलेली बांबूची काठी घेऊन ती अंगणात फिरते. ठरलं असं होतं की ती दिवसभर लेकरं बघंल आणि सरिता तिच्या घरचं पाणी भरंल. नळ चौथ्या दिवशी येतो. त्या दिवशी सरिता रानातून लवकर येऊन आधी साळूबाईची टाकी भरायची, मग आमची. कधी आमच्या वेळेला पाणी जायचं. मी बोलले नाही. लेकरं सांभाळणाऱ्या बाईशी वाकडं घ्यायचं नाही, एवढं मला कळतं.

आधी तनू म्हणायला लागली, मी पण रानात येते. मी म्हटलं, काटे लागतील. मग तिनं नवीन खोड धरली. उभ्याउभ्या एका पायावर दुसरा पाय चढवायची आणि ओठ चावायची. विचारलं तर मान हलवून पळून जायची. कामाच्या धबडग्यात कुणी लक्ष दिलं नाही. एक दिवस अंगणवाडीच्या बाईनं निरोप पाठवला की पोरीनं चड्डीत केलं, घेऊन जा. धम्मपाल तिला घेऊन रानाच्या बांधावर आला. मागून अंगणवाडीतली चार पोरं नाकाला हात लावून आली होती. घरी निळा संडास उभा, आणि माझी नात कपडे घाण करते. मला त्या पोरांपुढं लाज वाटली. मी ओटी सोडली आणि तिला दोन चापट्या दिल्या. ती रडली नाही. पायावर पाय चढवून उभी राहिली.

त्यानंतर तिनं जेवणच सोडलं. भाकरी मोडून दिली की ती सम्यकच्या ताटात सरकवायची. सरितानं दूध-भाकर कुस्करून भरवायला घेतली तर दात घट्ट. चौथ्या दिवशी तिचं पोट हाताला लागलं तर कच्च्या टरबुजासारखं. पाचव्या दिवशी सकाळी अंग तापलं आणि ती वाकून बसली ती सरळ होईना.

वेचणी टाकून आम्ही पाचोडला निघालो. धम्मपाल पुढं, मी मागं, मधे तनू. खड्ड्यातून गाडी गेली की ती कण्हायची. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं की किती दिवस झाले. मला सांगता आलं नाही. आजी म्हणवते आणि आपल्या लेकराचं पोट किती दिवसांचं बंद आहे ते मला माहीत नाही. नर्सबाईनं खालून औषध घातलं. मी तिचे दोन्ही हात धरले होते. जी किंचाळी तिनं फोडली ती ऐकून बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. नंतर ती घामानं भिजून माझ्या मांडीवर गप पडली. डॉक्टर म्हणाले, पोरगी आपण होऊन दाबून ठेवतीय. कशाला तरी भ्याली आहे. मारू नका, विचारा.

येताना बाजारात तिला केळं घेऊन दिलं. तिनं ते सोललं नाही. म्हणाली, खाल्लं नाय तर येत नाय. मी म्हटलं, येऊ दे की, घरी संडास हाय. तेव्हा तिनं माझ्या कानाला तोंड लावलं.

"आजी, तिथं हातवाला हाय. खालून हात काढतो न् पाय वढतो. आधी ठक ठक करतो. मी आयकलंय."

कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, धाकट्या आजीनं. बारक्या लेकरांनी तिथं जायचं नाय. नाल्याकडं जायचं. पण नाल्याकडं कुत्रे असतात.

घरी आल्यावर मी आधी संडासाच्या मागं गेले. पांढऱ्या पाईपवर, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, काळे गोल ठसे. एकावर एक, दहा-बारा. रुपयाएवढे. साळूबाईच्या काठीची लोखंडी टोपी बरोबर तेवढी आहे. म्हणजे नुसतं सांगून बाई थांबली नव्हती. लेकरू आत बसलं की ही मागं जाऊन पाईप वाजवायची.

संध्याकाळी दोन्ही घरची माणसं अंगणात असताना मी विषय काढला. मला वाटलं होतं, नाही म्हणंल. तिनं मान्य केलं, आणि कसं, तर डोळ्याला डोळा देऊन. म्हणाली, खड्डा एक आणि माणसं आठ. बारकी लेकरं दिवसातून तीनदा जातात, तांब्यातांब्यानं पाणी ओततात. उद्या भरला तर कोण उपसणार?

"गावची घाण काढायची कामं आपल्या आज्यांनी टाकली, आक्का. आता आपणच आपल्या दारात टोपली घेऊन उतरायचं का? ती वरच्या आळीची माणसं बघायला उभी राहतील. मला ते बघायचं नाय."

ते खोटं नव्हतं. माझ्या सासऱ्यानं मेलेलं ढोर ओढायला नाही म्हटलं म्हणून गावानं वर्षभर विहीर बंद केली होती, ते मी ऐकलेलं आहे. पण त्या माणसानं गावाशी पंगा घेतला होता. हिनं साडेचार वर्षांच्या पोरीशी घेतला.

धम्मपालनं पहारीनं खड्ड्याची फरशी उचकटली आणि आत लांब बांबू सोडला. वर काढून सगळ्यांना दाखवला. गुडघ्याएवढाही ओला झाला नव्हता. चार वर्षांत सात फुटांतला दीड फूट. पाणी मुरमात जिरत होतं. साळूबाईनं बांबूकडं बघितलं आणि नाकाला पदर लावला. पुंजाराम हसला. म्हणाला, वैनी, लेकरं घाबरत्यातच, आपण नव्हतो का घाबरत, चार दिसात इसरंल. धम्मपालनंही मला डोळ्यानं दाबलं, की वाढवू नको. घरात कापूस, रानात कापूस, लेकरं कुठं ठेवायची?

मी म्हटलं, मला भांडायचं नाही. साळूनं फक्त तनूला जवळ घ्यायचं आणि सांगायचं की मी खोटं बोलले, पाईप मी वाजवत होते. एवढंच. मी शंभरदा सांगितलं तरी त्या पोरीला खरं वाटत नाही, कारण मी हातवाला बघितलेला नाही. ज्यानं तो आहे म्हणून सांगितलं त्यानंच तो नाही म्हणून सांगावं लागतं.

साळूबाई उठली. काठी टेकत आपल्या दाराशी गेली आणि वळून म्हणाली, "एवढ्याशा पोरीपुढं मी कान धरू? विहारात कोणत्या तोंडानं बसू मग?"

दुसऱ्या दिवशी मी पाचोडहून पितळी कुलूप आणलं आणि निळ्या दाराला ठोकलं. लेकरं त्या दिवसापासनं आमच्याबरोबर रानात. कागद माझ्या मालकाच्या नावावर आहे. पुंजाराम बडबडला, धम्मपाल दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही, सरितानं भांडी आपटली, कारण आता तिलाही उजाडायच्या आत नाल्याकडं जावं लागत होतं. मीही जात होते. मला काय, मी जन्म त्याच वाटेनं काढला. पण साळूबाईला तांब्या आणि काठी दोन्ही धरून उतारावरनं जाताना मी रोज ओट्यावर बसून बघायची. चहाचा कप हातात घेऊन. ती नाल्यात बसली की तिला उठता यायचं नाही, बोरीची फांदी धरून उठायची. दूधवाला त्याच वेळेला त्या वाटेनं येतो. दूधवाला दिसला की तिला अर्ध्यातूनच उभं राहावं लागायचं. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

वाईट वाटायचं ते तिच्या लेकीचं, रूपाचं. वीस वर्षांची शहाणी पोरगी. ती संडासाला मैत्रिणीच्या घरी जायची आणि माझ्यासमोरून जाताना मान खाली घालायची. एकदा तिनं तनूसाठी बोरं आणली आणि माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवून गेली.

कुलपाचा असर मी धरला नव्हता तसा झाला. तनूनं दार बंद बघितलं, कुलूप ओढून बघितलं आणि तिचा चेहरा मोकळा झाला. विचारलं तर म्हणाली, आता त्याला बाहेर येता येणार नाय. त्या दिवशी ती गोठ्याच्या मागं, मी राख टाकली तिथं, माझा पदर धरून बसली आणि मोकळी झाली. भाकरीही खाल्ली. मग चावी मागितली. मी काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातली. अंगणवाडीत, जेवताना, झोपेत चावी तिच्या मुठीत. कुणी अंगणाच्या त्या टोकाला गेलं की ही धावत जाऊन कुलूप तपासायची. लेकरू जेवत होतं, पण पहारा करत होतं. साडेचार वर्षांच्या पोरीनं तुरुंग सांभाळायचा, हे काय बरं झालं म्हणायचं? भीती होती तिथंच होती, नुसती कुलपाआड गेली होती.

अकराव्या दिवशी साळूबाईकडं पाहुणे आले. रूपाला बघायला, थेट शहरातून, छावणी भागातली माणसं. पोराचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. साळूबाईनं अंगण सारवलं, उसन्या खुर्च्या आणल्या, पांढरी साडी काढली. कुलपाबद्दल पुंजाराम आदल्या दिवशी मला सांगून गेला होता की उद्याच्याला तेवढं काढा. मी म्हटलं, चावी माझ्याकडं नाही. त्याला वाटलं मी टोमणा मारतेय.

त्या दिवशी मी रानात गेले नाही. पडवीत बसून कापसातली पत्ती निवडत होते. शेजारी तनू. पोरगा मान वर करत नव्हता, त्याची आई आवडाबाई मात्र सगळं बघत होती. अंगानं जड, धाप लागलेली बाई. साखरेचा आजार असल्याचं तिनं चहा परत करताना सांगितलं ते मला इथवर ऐकू आलं. पोहे अर्धे झाले असतील, ती रूपाच्या कानाशी काहीतरी बोलली. रूपाचा चेहरा उतरला. ती माझ्याकडं आली आणि खालच्या आवाजात चावी मागितली. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला आणि सांगितलं की माय, आईला पाठव.

साळूबाई आली. मागून आवडाबाईही आलीच, कारण तिला दम नव्हता. साळूबाईनं दात घट्ट ठेवून हसायचा प्रयत्न केला.

"आक्का, चावी द्या."

मी तनूकडं बोट केलं.

साळूबाईला वाकता येत नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून ती जेवढी खाली आली तेवढी आली, आणि गोड आवाजात म्हणाली की तनू, दे गं बाय, पाहुणीला जायचंय. तनूनं चावी दोन्ही मुठीत धरली आणि भिंतीला चिकटली.

"नको. हातवाला त्यांचा पाय वढंल. तूच म्हणली व्हती, धाकटे आजी."

आवडाबाईनं विचारलं, कोण हातवाला? साळूबाईच्या कपाळावर घाम आला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पत्ती निवडत राहिले. तिनं रूपाकडं बघितलं. रूपा जमिनीकडं बघत होती.

"तसं कोणी नाय तिथं," साळूबाई म्हणाली. "मी खोटं सांगितलं व्हतं."

"ठक ठक करतो. मी आयकलंय."

"ते मी करत व्हते."

तनूनं जरा विचार केला. मग म्हणाली, "मग तू आधी जा."

आवडाबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर आली. म्हणाली, जा की बाई लवकर, मला थांबवत नाय. आता साळूबाईला दुसरी वाट नव्हती. तनूनं स्वतः कुलूप उघडलं, टाचा वर करून, आणि चार पावलं मागं पळाली. संडास अरुंद आहे, आत काठीला जागा नाही. साळूबाईनं काठी बाहेर भिंतीला लावली आणि पांढऱ्या साडीच्या निऱ्या गोळा करून आत गेली. तनू म्हणाली, दार लाव. तिनं लावलं.

मी उठले. काठी घेतली, तनूचा हात धरला आणि तिला मागं पाईपपाशी नेलं. काळे ठसे दाखवले. काठीची टोपी एका ठशावर टेकवून दाखवली. मग काठी तिच्या हातात दिली.

"वाजव."

तिला काठी जड झाली. दोन्ही हातांनी उचलून तिनं एकदा हळूच लावली. आतून आवाज आला, कोण हाय? तनूनं माझ्याकडं बघितलं. पाईपकडं बघितलं. मग जोरात, ठक, ठक, ठक. आत पाण्याचा डबा उलटला. दार धडकन उघडलं आणि साळूबाई ओल्या निऱ्या धरून बाहेर आली, चौकटीला धरून उभी. तनू कोपऱ्यातून तिच्याकडं बघत होती. पहिल्यांदा ती हसली, ते मला ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं. मग तिनं परत एकदा पाईप वाजवला, आता कुणी आत नसताना, आणि कान लावून ऐकला. मग मोठ्यानं हसली.

आवडाबाई एवढ्यात आत शिरली होती.

साळूबाईनं काठीसाठी हात पुढं केला. काठीबिगर तिला तिथून हलता येत नव्हतं. तनूनं काठी दिली नाही, छातीशी धरली. मीही दे म्हटलं नाही. रूपा आणि पुंजाराम बघत होते, सरिता दारात आली होती. मी पत्र्याआड आवडाबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

"साळू, ऐक. रूपाचं जमू दे, मी तिच्या लग्नात सगळ्यात पुढं ऱ्हाईन, तिचं माझं काही वाकडं नाय. कुलूप मात्र निघणार नाय. चावी हिच्याच गळ्यात ऱ्हाईल, आणि तुला जायचं आसंल तवा हिच्यापुढं हात करशील, पावसात आसू दे का तापात आसू दे. मी मेल्यावर बी. आणि रूपाचं पहिलं बाळंतपण हितंच व्हईल, तिचं लेकरू तुझ्या मांडीवर येईल. त्या दिवसापासनं माझी तनू त्या लेकराजवळ बसंल. काठी घेऊन बसंल. तू त्याला काय सांगती, ते ही ऐकंल."